गिटचा कानाडोळा

प्रश्न : मी आणि माझा मित्र मिळून सांगलीतल्या औषधांच्या दुकानांसाठी बिलाचा प्रोग्रॅम लिहितो. डेटाबेसचा पासवर्ड ‘.ईएनव्ही’ नावाच्या फाइलीत आहे. ती गिटने उचलू नये म्हणून तिचे नाव मी ‘.गिटइग्नोर’मध्ये लिहिले. तरी ‘गिट स्टेटस’ म्हटले की ही फाइल बदलली म्हणून यादीत येतेच. स्पेलिंग तपासले, नाव दोनदा लिहूनही पाहिले. गिट माझे का ऐकत नाही?

उत्तर : नाव दोनदा लिहिण्याचा उपाय मीही एके काळी केला आहे, त्यामुळे तुम्हाला हसण्याचा अधिकार मला नाही. (छपाईच्या सोयीसाठी आज्ञा आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.)

घोटाळा ‘इग्नोर’ या शब्दातच आहे. मराठीत आपण कानाडोळा करणे म्हणतो, म्हणजे ठाऊक असलेल्या गोष्टीकडे न पाहिल्यासारखे करणे. समोरच्या बाकावर नावडता नातेवाईक बसलेला दिसतो आणि आपण खिडकीबाहेर बघू लागतो, तो कानाडोळा. तुम्ही गिटकडून याचीच अपेक्षा धरली आहे. पण ओळखीच्या फाइलीकडे कानाडोळा करणे गिटला येत नाही. त्याचे इग्नोर फक्त अनोळखी फाइलींपुरते असते.

सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. त्याच्या टेबलावर दोन कागद आहेत. एक सभासदांची वही आणि दुसरी सेक्रेटरींनी दिलेली ‘यांना आत सोडू नये’ ही चिठ्ठी. कोणी आले की वॉचमन आधी वही बघतो. नाव वहीत असेल तर चिठ्ठीकडे तो पाहतही नाही, सरळ सलाम करतो. नाव वहीत नसेल तरच चिठ्ठी वाचली जाते. आता तिसऱ्या मजल्यावर दोन वर्षे राहणाऱ्या गृहस्थांचे नाव तुम्ही चिठ्ठीत लिहिले, तर काय होईल? काहीच होणार नाही. चिठ्ठीत दहा वेळा लिहिले तरी नाही.

गिटमध्ये त्या वहीला इंडेक्स म्हणतात. ‘गिट ॲड’ केले की फाइलीची नोंद इंडेक्समध्ये होते आणि कमिट केले की तिची प्रत इतिहासात जाते. ‘.गिटइग्नोर’ ही चिठ्ठी. तुमची ‘.ईएनव्ही’ कधीतरी, बहुधा पहिल्याच दिवशी ‘गिट ॲड .’ करून सगळे एका दमात उचलताना, वहीत चढली. चिठ्ठी नंतर आली. दोष चिठ्ठीच्या अक्षरात नव्हता, तिच्या तारखेत होता.

हे आडमुठेपणाचे वाटेल, पण उलटे असते तर काय झाले असते ते पाहा. समजा, नोंदलेल्या फाइलींनाही चिठ्ठी लागू झाली असती आणि कोणी उत्साहात ‘*.लॉग’ असा नियम लिहिला असता. प्रकल्पात त्याच शेवटाची एखादी महत्त्वाची, मुद्दाम जपलेली फाइल असती, तर त्या दिवसापासून तिच्यातले बदल नोंदवणे गिटने गुपचूप थांबवले असते. सहा महिन्यांनी जुनी प्रत शोधायला जावे तर ती नाही. गिट जन्मले ते २००५च्या एप्रिलमध्ये, लिनक्सच्या कर्नलसाठी. तोवर वापरात असलेल्या बिटकीपरची मोफत सवलत काढून घेतली गेली आणि लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी स्वतःच नवी व्यवस्था लिहायला घेतली. हजारो फाइली, जगभर विखुरलेले लोक. अशा ठिकाणी ‘एकदा हाती घेतलेली फाइल न सांगता सोडायची नाही’ हा हट्ट शहाणपणाचाच होता.

तेव्हा इलाज असा : वहीतून नाव खोडायचे, माणसाला घराबाहेर काढायचे नाही. ‘गिट आरएम --कॅश्ड .ईएनव्ही’ अशी आज्ञा द्यायची. यातला ‘--कॅश्ड’ विसरू नका. तो नसेल तर नोंदीबरोबर डिस्कवरची फाइलही जाते. मग कमिट करायचे. इथून पुढे फाइल गिटला अनोळखी झाली, त्यामुळे चिठ्ठी लागू होईल.

पण थांबा, तुमच्याबरोबर एक मित्रही आहे. तुम्ही केलेल्या या कमिटचा अर्थ त्याच्या गिटला ‘ही फाइल प्रकल्पातून काढली’ असाच लागतो. त्याने ‘पुल’ केले आणि त्याच्याकडे त्या फाइलीत काही बदल केलेला नसेल, तर ती त्याच्या डिस्कवरून नाहीशी होईल. आधी फोन करा, फाइलीची एक प्रत बाजूला ठेवायला सांगा, मगच कमिट ‘पुश’ करा. हा फोन न केल्याने मैत्रीत आलेला दुरावा मी जवळून पाहिला आहे.

तुम्हाला कोणीतरी आणखी एक जालीम उपाय सांगेल : ‘गिट अपडेट-इंडेक्स --अझ्यूम-अनचेंज्ड’. नावावरूनच वाटते की हाच तो खरा कानाडोळा. तसा तो नाही. ‘ही फाइल बदलणार नाही असे मी वचन देतो, तू दर वेळी तपासायचे कष्ट घेऊ नकोस’ असा तो गिटशी केलेला करार आहे, आणि तो वेग वाढवण्यासाठी आहे. वचन तुम्ही मोडलेत, म्हणजे फाइल बदललीत, तर पुढे शाखा बदलताना किंवा मित्राचे काम आपल्यात मिसळताना काय होईल याची हमी गिट देत नाही. ‘--स्किप-वर्कट्री’ हे त्याचे भावंडही या कामासाठी बनलेले नाही. नोंदलेल्या फाइलीतले बदल दुर्लक्षित करायला हे दोन्ही पर्याय वापरू नका, असे गिटची स्वतःची कागदपत्रेच सांगतात. रुळलेली पद्धत साधी आहे : ‘.ईएनव्ही.एक्झाम्पल’ नावाची नमुना फाइल गिटमध्ये ठेवायची, पासवर्डच्या जागी ‘इथे पासवर्ड लिहा’ असे लिहायचे, आणि खरी फाइल ज्याने त्याने आपल्या संगणकावर त्या नमुन्यावरून तयार करायची.

आता तुम्ही न विचारलेला, पण सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. वहीतून नाव खोडले तरी जुन्या कमिटांमध्ये पासवर्ड तसाच आहे. गिटचे कामच मुळी जुने जपून ठेवण्याचे. ज्याच्याकडे रेपोची प्रत आहे, तो दोन आज्ञांत तो वाचू शकतो. इतिहासातून फाइल खरवडून काढणारी ‘गिट फिल्टर-रेपो’सारखी साधने आहेत, पण त्यांनी इतिहासच नव्याने लिहिला जातो आणि मित्राकडची प्रत जुनीच राहते. रेपो कधी सार्वजनिक झाला असेल तर प्रश्नच मिटला. अशा रेपोंत पडलेल्या किल्ल्या हुंगत फिरणारे स्वयंचलित प्रोग्रॅम असतात. म्हणून आधी पासवर्ड बदला. आज, हे वाचून झाल्यावर. इतिहासाची साफसफाई सावकाश केली तरी चालेल. किल्ली हरवली की आपण कुलूप बदलतो, फोटोतली किल्ली खोडत बसत नाही.

प्रश्न : ‘अपलोड्स’ फोल्डरमधले सगळे वगळायचे, फक्त ‘नमुना’ ही एक फाइल ठेवायची, असे मला हवे आहे. पहिल्या ओळीत ‘अपलोड्स/’ आणि दुसऱ्या ओळीत उद्गारचिन्हासह ‘!अपलोड्स/नमुना’ असे लिहिले. उद्गारचिन्ह म्हणजे अपवाद असे वाचले होते. पण ‘नमुना’ काही गिटला दिसत नाही. नाशिकच्या माझ्या सहकाऱ्याकडे म्हणे असेच चालते.

उत्तर : सहकाऱ्याच्या चिठ्ठीत एक चांदणी जास्त असणार, पैज लावतो.

आपल्या वॉचमनकडेच परत जाऊ. चिठ्ठीत लिहिले आहे, ‘बी विंग बंद. कोणालाही सोडू नये.’ खाली दुसरी ओळ : ‘बी विंगमधल्या ३०२ नंबरच्या काकूंना मात्र सोडावे.’ वॉचमनने पहिली ओळ वाचून विंगचे दारच लावून घेतले. आत कोण राहते हे बघायला तो जिना चढत नाही, त्यामुळे ३०२ मधल्या काकूंपर्यंत पोहोचतच नाही. गिट हे आळसापोटी करत नाही, वेगासाठी करते. वगळलेल्या फोल्डरात लाखभर फाइली असू शकतात (जावास्क्रिप्टवाल्यांचे ‘नोड_मॉड्यूल्स’ फोल्डर ज्याने उघडून पाहिले आहे त्याला हे पटेल). त्या सगळ्या मोजून मग टाकून द्यायच्या, तर ‘गिट स्टेटस’ला चहा होईपर्यंत वाट बघावी लागेल. म्हणून वरचे फोल्डर वगळले गेले असेल, तर आतल्या फाइलीला अपवाद करता येत नाही, असा गिटचा स्पष्ट नियम आहे.

तोड सोपी आहे. दार लावायचे नाही, आतल्या प्रत्येकाला अडवायचे. पहिली ओळ ‘अपलोड्स/*’ अशी करा. आता फोल्डर वगळलेले नाही, त्याच्या पोटातली प्रत्येक गोष्ट वगळलेली आहे. गिट आत डोकावते, ‘नमुना’ भेटतो, आणि खालची अपवादाची ओळ लागू होते. एका फाइलीत ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि लागू पडणारी शेवटची ओळ निकाल देते. म्हणून अपवाद नेहमी नियमाच्या खाली लिहायचा. वर लिहिलात तर खालचा नियम त्याला पुसून टाकेल.

याच निमित्ताने तिरप्या रेघेचा, म्हणजे स्लॅशचा, उलगडाही करून टाकू, कारण निम्म्या शंका तिथेच उगवतात. नुसते ‘टेम्प’ लिहिले तर त्या नावाची फाइल किंवा फोल्डर कितीही खोल असो, वगळले जाते. ‘टेम्प/’ असे शेवटी रेघ देऊन लिहिले तर फक्त फोल्डर, त्या नावाची फाइल नव्हे. पण खोली कितीही. ‘/टेम्प’ अशी सुरुवातीला रेघ दिली तर चिठ्ठी ज्या फोल्डरात आहे तिथलेच ‘टेम्प’, खालच्या मजल्यांवरचे नाही. आणि फसवणारा चौथा प्रकार : ‘डॉक्स/टेम्प’ अशी रेघ मध्ये आली, तरी ती सुरुवातीला असल्यासारखीच धरली जाते. म्हणजे ‘जुने/डॉक्स/टेम्प’ला हा नियम लागत नाही. कुठल्याही खोलीवर हवे असेल तर ‘**/डॉक्स/टेम्प’ असे दोन चांदण्या देऊन लिहावे लागते. एकटी चांदणी रेघ ओलांडत नाही, जोडीने आली तर ओलांडते.

बाकी किरकोळ भानगडी अनेक आहेत. ‘#’ने सुरू होणारी ओळ ही टीप असते, पण नियमाच्या पुढे त्याच ओळीत टीप लिहिता येत नाही. ‘*.लॉग # नोंदी नकोत’ असे लिहिलेत तर गिट त्या सबंध वाक्यासारखे नाव असलेली फाइल शोधत बसते. विंडोजवर नोटपॅडने फाइल जतन करताना शेवटी ‘.टीएक्सटी’ जोडले आणि एक्सप्लोररने ते लपवले, तर ‘.गिटइग्नोर’ अशी फाइल मुळात अस्तित्वातच नसते. आणि पॉवरशेलच्या जुन्या आवृत्तीत ‘इको’चे आउटपुट बाणाने फाइलीत ढकलले की ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. तुम्हाला अक्षरे नीट दिसतात, गिटला प्रत्येक अक्षरापाशी एक शून्य दिसते. यूटीएफ-८ मध्ये जतन केले की भूत उतरते.

इतके सगळे लक्षात कोण ठेवणार? ठेवू नका. गिटलाच विचारा. ‘गिट चेक-इग्नोर -व्ही’ आणि पुढे फाइलीचे नाव, एवढी आज्ञा द्या. कुठल्या चिठ्ठीतल्या कितव्या ओळीतला कोणता नियम लागला, हे ते एका ओळीत सांगते. उत्तर काहीच आले नाही तर दोनच शक्यता : एकही नियम लागत नाही, किंवा फाइल वहीत आधीच नोंदलेली आहे, कारण नोंदलेल्या फाइलींची ही आज्ञा एरवी चौकशीच करत नाही. सांगलीच्या वाचकांनी ही आज्ञा दिली असती तर त्यांना मौनच मिळाले असते, आणि ते मौनच उत्तर होते.

प्रश्न : मी मॅकवर काम करते. फोल्डर उघडले की तिथे ‘.डीएस_स्टोअर’ नावाची फाइल आपोआप येते. मी ती प्रकल्पाच्या ‘.गिटइग्नोर’मध्ये टाकली, तर आमच्या वरिष्ठांनी ‘ही तुझी घरगुती बाब आहे’ म्हणून ओळ काढून टाकायला लावली. त्यांचे काय चुकले, की माझे?

उत्तर : तत्त्वतः वरिष्ठ बरोबर, बोलण्याची पद्धत सोडून.

चिठ्ठी ठेवायच्या जागा तीन आहेत. प्रकल्पातली ‘.गिटइग्नोर’ स्वतः गिटमध्ये नोंदली जाते आणि सगळ्यांकडे पोहोचते. तिच्यात प्रकल्पामुळे निर्माण होणारा कचरा लिहावा, म्हणजे कंपायलरने बनवलेल्या फाइली, उतरवून घेतलेली पॅकेजेस, लॉग. दुसरी जागा ‘.गिट/इन्फो/एक्सक्लूड’. ती एका रेपोपुरती आणि फक्त तुमच्या संगणकावरची. तुम्ही स्वतःपुरती ‘कामाची-टिपणे’ अशी फाइल ठेवता आणि ती कोणाला सांगायचीही नाही, तर तिथे. तिसरी सगळ्या रेपोंसाठी मिळून एक, तुमची वैयक्तिक. होम फोल्डरातल्या ‘.कॉन्फिग/गिट/इग्नोर’ या जागी ती ठेवली की गिट आपसूक वाचते. वेगळी जागा हवी असेल तर ‘कोअर.एक्सक्लूड्सफाइल’ ही सेटिंग आहे. मॅकचे ‘.डीएस_स्टोअर’, विंडोजचे ‘थम्ब्स.डीबी’, तुमच्या एडिटरने मागे सोडलेल्या फाइली, यांचे स्थान तिथे. एकदा लिहिले की पुढच्या सगळ्या प्रकल्पांची चिंता मिटली. वेगवेगळ्या चिठ्ठ्यांत मतभेद झाला तर प्रकल्पातल्या ‘.गिटइग्नोर’चा शब्द वरचढ, आणि त्यातही फाइलीच्या जितक्या जवळच्या फोल्डरातली चिठ्ठी तितकी ती प्रबळ.

तरीही व्यवहारात अनेक प्रकल्प ‘.डीएस_स्टोअर’ची ती एक ओळ मुकाट्याने ठेवून घेतात, कारण नव्याने येणारा प्रत्येक जण घरची चिठ्ठी लिहूनच येईल अशी खात्री नसते. एका ओळीवरून मी तरी वाद घातला नसता.

वाद घालायचाच तर तो उलट दिशेच्या चुकीवर घालावा. पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या लिहून ठेवणारी ‘पॅकेज-लॉक.जेसॉन’ ही फाइल यंत्राने बनवलेली दिसते, शिवाय लांबलचक असते, म्हणून लोक तिला कचरा समजून वगळतात. मग तुमच्याकडे चालणारा प्रोग्रॅम शेजारच्या टेबलावर पडतो, कारण तिथे पॅकेजची दुसरीच आवृत्ती उतरलेली असते. यंत्राने बनवले म्हणून टाकाऊ, असे नसते. पुन्हा जसेच्या तसे बनवता येत असेल तरच ते वगळण्याजोगे. गिटहबने निरनिराळ्या भाषांसाठी तयार चिठ्ठ्यांचा संग्रह ठेवला आहे. तो घ्यावा, पण वाचून घ्यावा. पायथनच्या प्रकल्पात लॅटेकची चिठ्ठी चिकटवलेली मी पाहिली आहे.

प्रश्न : आम्ही कऱ्हाडला गावोगावच्या जुन्या नोंदींचे संगणकीकरण करतो आणि फाइलींची नावे मुद्दाम मराठीत ठेवतो. गिट एक तर ती नावे आकड्यांत दाखवते, आणि इग्नोरचे नियम कधी लागतात, कधी नाही. ‘कऱ्हाड’ नावाचे फोल्डर वगळायला सांगितले तर दोघांकडे लागले, तिसऱ्याकडे नाही. मराठीशी गिटचे वैर आहे का?

उत्तर : या महिन्यातला हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. वैर नाही. गिटला मराठी कळत नाही, तशी इंग्रजीही कळत नाही. त्याला फक्त बाइट दिसतात. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते म्हणून इंग्रजीत हे झाकून राहते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि झाकलेले उघडे पडते.

आधी आकड्यांचे पाहू. ‘नोंदी’मधल्या ‘न’चे तीन बाइट गिट ३४०, २४४, २५० असे अष्टमान पद्धतीत छापते, प्रत्येकाआधी उलटी तिरपी रेघ देऊन. ही फक्त दाखवण्याची रीत आहे, नावाला काही झालेले नसते. ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नावे मराठीत दिसू लागतात. नियम लिहिताना मात्र ते आकडे उतरवायचे नाहीत, सरळ मराठी नाव लिहायचे आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करायची.

दुसरी गंमत प्रश्नचिन्हाची. नियमात ‘?’ म्हणजे कोणतेही एक अक्षर, असे सगळीकडे लिहिलेले असते. खरे तर गिटपुरता त्याचा अर्थ एक बाइट. ‘अहवाल-?’ हा नियम इंग्रजी आकड्याच्या अहवालाला लागेल, पण ‘अहवाल-१’ला लागणार नाही, कारण आपला ‘१’ तीन बाइटांचा. तिथे ‘अहवाल-???’ लिहावे लागेल. आणि ‘की’सारख्या अक्षराला तर सहा प्रश्नचिन्हे, कारण ‘क’ वेगळा आणि दीर्घ वेलांटी वेगळी मोजली जाते. चौकटी कंसातला ‘[०-९]’ हाही याच कारणाने वाया जातो. मराठी नावांच्या बाबतीत प्रश्नचिन्ह आणि कंस यांच्या नादी न लागता चांदणी वापरावी. ती बाइट मोजत नाही.

आता तुमचे कऱ्हाड. इथे गोम त्या ऱ्ह मधल्या अर्ध्या ‘र’ची आहे. हा ‘र’ संगणकावर एकाहून अधिक मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात खाली टिंब असलेला ‘ऱ’ हे चिन्ह, मग हलन्त, मग ‘ह’. दुसऱ्या मार्गात साधा ‘र’, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारे जोडचिन्ह, मग ‘ह’. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे उमटतात. कोणता मार्ग घेतला जातो ते तुमच्या कीबोर्डवर ठरते. पण पहिल्या मार्गाने ‘कऱ्हाड’ १८ बाइटांचे होते आणि दुसऱ्या मार्गाने २१ बाइटांचे. माणसाला एकच गाव, गिटला दोन. तिघांपैकी दोघांचा कीबोर्ड सारखा असणार आणि तिसऱ्याचा वेगळा. ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘गोऱ्हे’, ‘वऱ्हाड’ या सगळ्यांना हीच बाधा आहे. सातारा आणि सांगली मात्र सुखरूप.

तात्पुरता उपाय म्हणजे ‘क*हाड/’ असा नियम. चांदणी मधले बाइट काहीही असोत, गिळून टाकते. कायमचा उपाय म्हणजे तिघांनी एकच कीबोर्ड ठरवणे आणि फोल्डरांची नावे एकदाच एका पद्धतीने पुन्हा देणे. नाव हाताने टाइप न करता फोल्डरवरूनच कॉपी करून नियमात चिकटवले तर निदान त्या संगणकावर तरी चूक होणार नाही. फोल्डरांची नावे रोमनमध्ये ठेवा असा सल्ला तुम्हाला कोणीही देईल. मी देणार नाही. जुन्या नोंदी मराठीत आहेत, तर नावेही मराठीत असण्यात काही वावगे नाही.

प्रश्न : म्हापशाहून विचारते. इग्नोर केलेल्या फाइलींना गिट हात लावत नाही, म्हणजे त्या सुरक्षित असतात, बरोबर ना?

उत्तर : उलट आहे, आणि हे मी पोळलेल्या जिभेने सांगतो आहे. इग्नोरचा गिटने घेतलेला अर्थ असा : ‘ही वस्तू गेली तरी मालकाचे काही अडणार नाही.’ त्यामुळे दोन ठिकाणी गिट तिला बिनदिक्कत हात लावते.

पहिले ठिकाण जुन्या कमिटकडे जाताना. समजा, ‘.ईएनव्ही’ पूर्वी नोंदलेली होती, आता काढली आणि वगळली. तुम्ही सहज एखादी जुनी शाखा उघडली, जिथे ती अजून नोंदलेली आहे. गिट तुमची आजची ‘.ईएनव्ही’ न विचारता पुसून तिथे जुनी ठेवते. वगळलेली नसती तर ते अडले असते, तक्रार केली असती. परत आजच्या शाखेवर आलात की गिट ती जुनीही काढून घेते, कारण आजच्या शाखेत ती नाही. हाती काहीच उरत नाही. सांगलीच्या वाचकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, कारण वर सांगितलेला इलाज केल्यावर ते नेमके याच परिस्थितीत असणार आहेत.

दुसरे ठिकाण ‘गिट क्लीन’. ही आज्ञा अनोळखी फाइली पुसते. एरवी ती वगळलेल्यांना सोडून देते, पण ‘-एफडीएक्स’ असे जोडले की त्यांनाही घेऊन जाते. शेवटचा ‘एक्स’ लहान लिपीतला असेल तर सगळे अनोळखी आणि सगळे वगळलेले, मोठ्या लिपीतला असेल तर फक्त वगळलेले. तीन वर्षांच्या वीजबिलांचे आकडे मी हाताने भरलेल्या एका फाइलीत ठेवले होते आणि ‘गिटमध्ये कशाला’ म्हणून ती वगळली होती. एका रविवारी प्रकल्प स्वच्छ करावा म्हणून ही आज्ञा दिली. प्रकल्प अतिशय स्वच्छ झाला. गिटच्या इतिहासातून ती फाइल परत आणता येत नव्हती, कारण इतिहासात ती कधी गेलीच नव्हती.

आता मी ‘-एफ’च्या जागी आधी ‘-एन’ देतो. मग गिट काही पुसत नाही, काय पुसले असते त्याची यादी वाचून दाखवते. तुम्ही वगळलेल्या फाइलींत पुन्हा तयार न करता येणारी एखादी असेल, तर तिची प्रत प्रकल्पाच्या फोल्डराबाहेर ठेवा. वीजबिले मी अजून भरतोच आहे, २०२१च्या मार्चपर्यंत आलो.